नवा टीम लीड आणि अडलेली कामं

विचारणाऱ्याची परिस्थिती थोडक्यात अशी. इंदूरमधल्या एका सॉफ्टवेअर सर्व्हिस कंपनीत सहा वर्षं काम, आणि आता नुकतंच सात जणांच्या टीमचं लीडपद. क्लायंट न्यू जर्सीचा. दिवस मीटिंगमध्ये जातो, कोड रात्री लिहावा लागतो, तरी तारखा चुकतातच. टीममधले दोघं जण त्याच्याच बॅचचे. ते सांगितलेलं करतात, पण मनापासून नाही. टीममधल्या एका मुलीने राजीनामा दिलाय, ती पुण्याला चाललीय. मॅनेजर म्हणतात, "अजून दोन माणसं घे आणि रिलीज (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती) काढ." प्रश्न असा की, सुरुवात कुठून करू?

सुरुवात मॅनेजरांना तूर्त नाही म्हणण्यापासून करा. बाकीचं सावकाश करता येईल, पण माणसं एकदा आली की परत पाठवता येत नाहीत. आयबीएममध्ये ओएस/360 या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रचंड प्रकल्पाचं नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 साली लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. कारण साधं आहे. नवी माणसं शिकवायची कोणी? ज्यांच्यावर रिलीज अवलंबून आहे त्यांनीच. शिवाय सात माणसांत आपसात बोलण्याच्या 21 जोड्या होतात, नऊ माणसांत 36. मॅनेजरांना असं सांगा की माणसं हवीत, पण या रिलीजनंतर; आणि आत्ता द्यायचीच असतील तर त्यांच्याकडून या रिलीजची अपेक्षा धरू नका. हे तोंडी सांगून सोडू नका, मेलवर टाका.

आता मूळ दुखणं. तुम्ही लिहिलंय, "सगळे जीव तोडून काम करतायत, तरी काही संपत नाही." तुमच्या सगळ्या प्रश्नात मला हेच वाक्य महत्त्वाचं वाटलं. नवा लीड पहिल्यांदा माणसांकडे बघतो. कोण बसलंय, कोण उशिरा येतंय, कोणाकडे काम कमी आहे. तिथे फारसं काही सापडत नाही. बघायचं असतं ते कामाकडे: कोणतं काम, कुठे, किती वेळ नुसतं पडून आहे.

एक दुपार काढा. शेवटची संपलेली दहा टिकेटं, म्हणजे बोर्डावर नोंदवलेली कामं, घ्या. प्रत्येकापुढे पाच तारखा लिहा: काम सुरू कधी झालं, पुल रिक्वेस्ट (लिहिलेला कोड तपासून घ्या, अशी विनंती) कधी आली, रिव्ह्यू म्हणजे ती तपासणी कधी झाली, टेस्टिंगला कधी गेलं, प्रॉडक्शनवर म्हणजे क्लायंटच्या चालू सिस्टिमवर कधी चढलं. जिरामध्ये (कामांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) हे सगळं असतं, पण तिथला तयार रिपोर्ट काढू नका, हाताने लिहा. हाताने लिहिताना जे लक्षात येतं ते रिपोर्टमध्ये येत नाही.

काय दिसेल त्याचा नमुना देतो. टिकेट आहे, "इन्व्हॉइसची पीडीएफ मोबाइलवर डाउनलोड होत नाही." सोमवारी मुलाने काम हातात घेतलं, मंगळवारी दुपारी पुल रिक्वेस्ट टाकली. रिव्ह्यूअर तुम्ही. तुम्ही मीटिंगमध्ये. गुरुवारी रात्री अकराला तुम्ही ती उघडली आणि नऊ कमेंट टाकल्या. त्यातल्या पाच व्हेरिएबलच्या नावांवर आणि मोकळ्या ओळींवर, तीन "असंही करता आलं असतं" छापाच्या, आणि एकच खरी: फाइलच्या नावात स्लॅश आला तर काय? शुक्रवारी त्याने सगळ्या दुरुस्त केल्या, संध्याकाळी टेस्टरकडे दिलं, टेस्टर तोवर निघून गेलेला. पुढच्या मंगळवारी प्रॉडक्शन. म्हणजे काम दोन दिवसांचं, लागले नऊ. यात आळशी कोणीच नव्हतं. मंगळवार ते गुरुवार तो मुलगाही रिकामा नव्हता. त्याने दुसरं टिकेट उघडलं, तेही अडलं, मग तिसरं. एक ना धड, भाराभर चिंध्या.

याला गणिताचा आधारही आहे. जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेला नियम सांगतो की सरासरीने, हातातली कामं भागिले आठवड्याला संपणारी कामं म्हणजे एका कामाला लागणारे आठवडे. तुमच्या बोर्डावर 18 टिकेटं उघडी असतील आणि आठवड्याला सहा संपत असतील, तर प्रत्येक टिकेटाला सरासरी तीन आठवडे लागणारच. मग कोणी रात्रभर जागो. संपण्याचा वेग तोच ठेवून उघडी टिकेटं नऊवर आणली की दीड आठवडा. म्हणून पहिला नियम: नवं काम उघडायच्या आधी अडलेलं कोणाचं तरी काम पुढे सरकवा. सात जणांच्या टीमला आठ-नऊ उघडी टिकेटं पुष्कळ झाली. पहिला आठवडा लोक कुरकुर करतील, कारण रिकामं बसल्यासारखं वाटतं आणि आपल्याकडे रिकामं दिसणं हा गुन्हा असतो. मॅनेजर फ्लोअरवर चक्कर मारतील तेव्हा कोणीतरी दुसऱ्याच्या स्क्रीनकडे बघत बसलेलं दिसेल. ते कामच आहे, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवावं लागेल.

दुसरं म्हणजे रिव्ह्यू तुमच्या एकट्याकडून काढा. तुमच्या टीममध्ये सगळा कोड तुमच्या डोळ्याखालून जातो, असं तुम्ही थोड्या अभिमानाने लिहिलंय. तारखा तिथेच चुकतायत. कोणतेही दोघं मिळून कोड पुढे नेऊ शकतात, असं ठरवा. सकाळी आल्यावर पहिला तास रिव्ह्यू, त्यानंतर आपला कोड, हे सगळ्यांसाठी. नावं, स्पेस, कंस यांची भांडणं लिंटरवर, म्हणजे अशा चुका आपोआप दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, सोपवा. माणसाने त्यावर एक अक्षर खर्च करू नये. राहिलेल्या कमेंटमध्ये "हे बदलायलाच हवं" आणि "माझं मत, वाटलं तर घे" असा फरक शब्दांत लिहून दाखवा. ज्युनिअर मुलगा लीडची प्रत्येक कमेंट हुकूम समजतो. पैसे, लॉगिन, डेटाबेसची रचना, इतक्यावर तुमची नजर हवी असेल तर ती ठेवा, आणि ती यादी दोन ओळींपलीकडे जाऊ देऊ नका.

मग तुम्ही स्वतः कोड लिहायचा की नाही? लिहायचा. लीडने कोड सोडला की वर्षभरात त्याचं तांत्रिक मत कोणी मनावर घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. फक्त ज्या कामासाठी दुसरं कोणी थांबून राहणार आहे ते काम स्वतःकडे घ्यायचं नाही. पेमेंट गेटवे बदलायचंय आणि पुढची चार टिकेटं त्यावर अवलंबून आहेत? ते तुमचं नव्हे. कधी पास कधी फेल होणाऱ्या टेस्ट, मंद चालणारं बिल्ड (कोडपासून चालतं सॉफ्टवेअर तयार होण्याची प्रक्रिया), कोणालाच न समजलेला एखादा जुना बग, लॉगमधला कचरा: हे तुमचं. मीटिंग आली आणि दोन दिवस हात लागला नाही, तरी कोणाचं अडत नाही. आणि रात्रीचा कोड बंद करा. तुम्ही रात्री बाराला कमिट टाकता, म्हणजे कोड जमा करता, टीमला वाटतं आपणही जागायला हवं. तसं तुम्ही कधी म्हणाला नसाल, पण म्हणावं लागतच नाही.

एस्टिमेटचं दुखणं जरा वेगळं आहे, आणि ते आपल्याकडचं आहे. वरिष्ठाने विचारलं, "शुक्रवारपर्यंत होईल ना?" तर समोरून "हो सर, हो जाएगा" हेच उत्तर येणार. नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. त्या "हो जाएगा"वर तुम्ही क्लायंटला तारीख देता आणि शुक्रवारी दुपारी चारला कळतं की होणार नाही. मुलगा खोटं बोललेला नसतो. प्रश्नच असा विचारला होता की त्याला एकच उत्तर होतं. त्याऐवजी विचारून बघा: "समज हे शुक्रवारी नाही झालं, तर कशामुळे नाही होणार?" आता नाही म्हणायचा भार त्याच्यावर नाही, तो फक्त शक्यता सांगतोय. मग बाहेर येतं, "सर, त्यांच्या सँडबॉक्सची (चाचणीच्या सिस्टिमची) की अजून आली नाहीये." "टॅक्सचा नियम मला नीट कळलेला नाही." हे सोमवारी कळलं तर तुम्ही त्याच संध्याकाळी कॉलवर की मागू शकता. तारीखही एकच घेऊ नका. "सगळं नीट गेलं तर कधी, आणि अडचण आली तर कधी" अशा दोन घ्या, आणि क्लायंटला दुसरी सांगा. पहिली तारीख क्लायंटपर्यंत पोचली की तीच त्याच्या डोक्यात राहते.

भाषेचंही बघा. तुमचा स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी मीटिंग, इंग्रजीत होतो असं तुम्ही लिहिलंय, "प्रॅक्टिस व्हावी म्हणून." खरगोन-बडवानीसारख्या लहान शहरांकडून आलेली, कामात तरबेज असलेली मुलं इंग्रजी स्टँडअपमध्ये "वर्किंग ऑन सेम, नो ब्लॉकर" एवढं म्हणून मोकळी होतात. तोच मुलगा हिंदीत पाच मिनिटं सांगेल की नेमकं काय अडलंय. स्टँडअप हिंदीत घ्या, टिकेटमधली नोंद इंग्रजीत ठेवा. इंग्रजीची प्रॅक्टिस त्यांना क्लायंट कॉलवर नेऊन द्या, तिथे ती कामाची आहे. आणि एक खास आपल्यासाठी. आपण इंदूरचे मराठी लोक ऑफिसमध्ये दुसरा मराठी दिसला की लगेच मराठीत सुरू होतो. पोह्यांच्या गाडीवर ते ठीक. पण टीममध्ये तुम्ही आणि तुमच्या बॅचचा एक जण असे दोघं मराठी आहात. तुम्ही डेस्कवर मराठीत बोलून एखादं डिझाइन ठरवलंत की बाकीच्यांना वाटणार, यांचं आपसात ठरलंय. ठरलं नसलं तरी. कामाची गोष्ट सगळ्यांना कळेल त्या भाषेत करा, आणि निर्णय टिकेटवर लिहा.

क्लायंट कॉलबद्दल थोडक्यात. न्यू जर्सी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. त्यांच्या सकाळी साडेनऊचा कॉल म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर रात्रीचे आठ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत सात. हा बदल आधीच सगळ्यांना सांगा. सातही जणांना रोज कॉलवर बसवू नका. तुम्ही आणि पाळीपाळीने एक जण, बाकीच्यांना सकाळी चार ओळी. सुपर कॉरिडॉरवरून रात्री नऊला सुदामानगरला किंवा राऊला परतायचं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. ज्यांना कॉल घ्यायचाय त्यांनी साडेपाचला निघून घरून घ्यावा, यात कंपनीचं काही बिघडत नाही. कॉलवरचे प्रश्न मात्र आदल्या रात्री लिहून पाठवा. आपल्या एका प्रश्नाचं उत्तर मिळायचं राहिलं की पुढची संधी चोवीस तासांनी येते, आणि शुक्रवारी राहिलं तर सोमवारी.

आता तुमच्या बॅचचे दोघं. यावर तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण झोप बहुधा यामुळेच उडालीय. काल एकत्र मॅनेजरची टिंगल करत होतात, आज तुम्ही त्यांना काम वाटताय. अशा वेळी नवे लीड दोनपैकी एक करतात. काही जण एकदम साहेब होतात, दोस्तांनाही कॅलेंडर इन्व्हाइट पाठवतात. काही जण काहीच बदललं नाही असं दाखवतात आणि अवघड काम त्यांना सांगायचं टाळून स्वतःच करतात. तुम्ही दुसऱ्या गटातले दिसता. रात्रीच्या कोडचं अर्धं कारण ते असावं.

दोघांशी वेगवेगळं बोला. मीटिंग रूममध्ये नको, खाली टपरीवर चहा घेताना. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते तुम्ही आधी उच्चारा: "हे पद तुलाही मिळू शकलं असतं. मिळालं मला. तुला ते खटकलं असेल तर त्यात चूक काही नाही." एवढं म्हणून थांबा. लगेच समजावणी नको, "आपण तर भाऊ आहोत" नको. तो काहीतरी बोलेल, कदाचित त्या दिवशी नाही, पण बोलेल. मग हद्दी स्पष्ट करा, गोल गोल न बोलता. "पेमेंट मॉड्यूलचं डिझाइन तुझं. मला पटलं नाही तर मी वाद घालीन, पण अखेरचा शब्द तुझा. क्लायंटला तारीख देणं माझं, त्यात तू परस्पर बोलायचं नाहीस. तुझ्या अप्रेझलमध्ये माझं मत विचारलं जाणार आहे. मी जे लिहीन ते आधी तुला दाखवीन." यातलं अप्रेझलचं वाक्य गाळू नका. मैत्रीत तो विषय निघत नाही, आणि न निघाल्यामुळेच कुजत राहतो.

मग शब्द पाळायची वेळ येईल. तो तुमच्या मताविरुद्ध एखादं डिझाइन निवडेल, जे चालेल पण तुम्हाला आवडणार नाही. तेव्हा मागे हटा. तिथे तुम्ही अधिकार वापरलात तर टपरीवरचं सगळं बोलणं वाया गेलं, आणि हे टीममधल्या बाकीच्यांनाही तासाभरात कळेल. दोघांपैकी एक जण इतकं करूनही आडमुठाच राहिला, तर ते मॅनेजरकडे न्यायला संकोच करू नका. पण आधी त्याला सांगून, मागून नव्हे.

प्रॉडक्शन पडलं, म्हणजे चालू सिस्टिम बंद पडली, की काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण वेळ येणार आहे म्हणून आत्ताच सांगतो. आपल्या ऑफिसांत पहिला प्रश्न येतो, "किसने किया?" हा प्रश्न एकदा विचारला गेला की पुढच्या वेळी बिघाड झाकला जातो. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत रात्री उशिरा थकलेल्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, तोवर सुमारे 300 जीबी डेटा गेला होता. मग बॅकअप शोधायला गेले. रोजचा बॅकअप डेटाबेसच्या आवृत्तीचा मेळ न बसल्यामुळे बनतच नव्हता, आणि बनत नाही हे सांगणारे मेलही नाकारले जात होते, त्यामुळे कोणाला पत्ताच नव्हता. वाचवलं कशाने? साधारण सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाच्या प्रतीने. कंपनीने हे सगळं जाहीरपणे लिहिलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, आणि दोष त्या माणसावर न टाकता रचनेत शोधला. विचार करा, त्यांनी "कोणी केलं" एवढंच शोधलं असतं तर एक माणूस सापडला असता आणि बॅकअप तसाच बंद राहिला असता.

तुमच्या टीमसाठी एवढं पुरे: काय झालं, कधी कळलं, कसं कळलं, कशाने थांबलं, आता काय बदलायचं आणि ते कोण कधीपर्यंत बदलणार. एक पान, नाव कोणाचंही नाही, "रात्री दहाला डिप्लॉय झालं" (नवा कोड प्रॉडक्शनवर चढला) असं. शेवटचा मुद्दा टिकेट म्हणून बोर्डावर गेला नाही तर ते पान लिहिलंच नाही असं समजा. आणि हो, आजच जाऊन तुमचा बॅकअप कुठेतरी रिस्टोअर करून बघा. बॅकअप घेतोय असं सगळेच सांगतात.

रिलीजच्या तारखा ठरवताना क्लायंटला जानेवारीतच आपली सुट्ट्यांची यादी द्या, आणि त्यात कंपनीच्या कॅलेंडरवर नसलेले दिवसही घाला. अनंत चतुर्दशीला रात्रभर मिलच्या झाँक्या (सजवलेले चित्ररथ) निघतात, रस्ते बंद असतात; रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, असते. त्या दिवशी डिप्लॉय ठेवलं तर करायला माणूस मिळणार नाही, आणि मिळालाच तर त्याचं लक्ष नसेल. अमेरिकन क्लायंट हे आधी सांगितलं तर मुकाट्याने मान्य करतात. त्यांच्याकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं, तेव्हा तेही फोन उचलत नाहीत.

राहिली ती पुण्याला चाललेली मुलगी. तिला थांबवायच्या मागे लागू नका. पगाराचा आकडा तुमच्या हातात नाही, आणि "इंदूरसारखं शहर नाही, घरचं जेवण मिळतं" हे सांगून कोणी थांबलेलं मी तरी बघितलं नाही. तिने मन पक्कं करून राजीनामा दिलाय. पण ती का चाललीय हे नीट ऐकून घ्या, आणि ते उलटतपासणीसारखं नको. "पगार" हे उत्तर पहिलं येईल, कारण ते द्यायला सोपं आहे. "पगार इथेच वाढला असता तर राहिली असतीस?" असं विचारलं की पुढचं निघतं. माझा अंदाज विचाराल तर, तुमच्या वर्णनानुसार रिपोर्टिंग मॉड्यूल सबंध तिने उभं केलं आणि क्लायंट कॉलवर त्याबद्दल प्रत्येक वेळी बोललात तुम्ही. टीममधल्या आणखी कोणाचं असंच होतंय का, ते बघा.

तिच्या नोटिस पीरियडमध्ये नॉलेज ट्रान्सफरची कागदं लिहून घेऊ नका; चाळीस पानं होतात आणि कोणी वाचत नाही. उलट करा. रिपोर्टिंगचं पुढचं प्रत्येक टिकेट जो मुलगा ते सांभाळणार आहे त्याने करायचं, तिने फक्त शेजारी बसायचं आणि कीबोर्डला हात लावायचा नाही. महिनाअखेरचा जो रिपोर्ट रात्री चालवावा लागतो तो एकदा त्याने एकट्याने चालवायचा, ती ऑफिसात असताना. त्याला जे विचारावं लागलं तेवढंच लिहून ठेवायचं, म्हणजे दीड-दोन पानांत मावेल. पासवर्ड, सर्व्हरचे अ‍ॅक्सेस आणि तिच्या नावावर चालणारे शेड्यूल्ड जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) यांची यादी पहिल्याच आठवड्यात करा. माणूस गेल्यावर अकाउंट बंद होतं आणि रात्री दोनला कुठला तरी जॉब पडतो, तेव्हा कळतं की तो तिच्या नावावर होता. शेवटच्या आठवड्यात तिला नवं टिकेट देऊ नका, आणि क्लायंटच्या शेवटच्या कॉलवर रिपोर्टिंगचा डेमो तिलाच देऊ द्या.